कागदावरचा कान

कळंबच्या उपजिल्हा रुग्णालयात कान दाखवायला आलेला माणूस बहुधा एका वाक्यात सगळं सांगून टाकतो: कान फुटलाय. लहान होता तेव्हापासून फुटतो, पावसाळ्यात जास्त, मधे वर्ष-दोन वर्षं कोरडा होता, आता पुन्हा वाहतोय. केसपेपरवर या सगळ्याचं ‘सीएसओएम’, म्हणजे मध्यकर्णातून पू वाहण्याचा जुनाट आजार, होतं. पुढे डाव्या-उजव्याचं एक अक्षर कधी पडतं, कधी गर्दीत राहून जातं. थेंब, गोळ्या, कानात पाणी जाऊ देऊ नका, पंधरा दिवसांनी दाखवा. पुष्कळांचं एवढ्यावर भागतंही, कारण पुष्कळांच्या पडद्याला नुसतं भोक असतं आणि सर्दीपडशाच्या दिवसांत त्यातून पाणी येतं.

ही पुस्तिका उरलेल्यांविषयी आहे. त्यांच्या कानात, पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात, एक खिसा तयार झालेला असतो. नाकाच्या मागून मध्यकर्णात हवा पोचवणारी नळी नीट उघडझाप करत नाही, आतला दाब कमी पडतो आणि पडद्याचा वरचा सैल भाग हळूहळू आत ओढला जातो. पडद्याच्या बाहेरच्या अंगाला कातडी असते. तीही या खिशाबरोबर आत जाते. कातडी जिथे असेल तिथे मेलेल्या पेशी टाकतच राहते. अंगावरच्या पेशी आंघोळीत धुऊन जातात, खिशातल्यांना वाट नसते. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थरावर थर साचतात, पिशवी फुगते आणि शेजारचं हाड झिजवत पुढे सरकते. हा कोलेस्टिएटोमा. टाळू फाटलेल्या मुलांत त्याचा धोका जास्त. क्वचित तो जन्मापासूनही असतो. तेव्हा धडधाकट पडद्यामागे पांढरा गोळा दिसतो आणि कान कधीच फुटलेला नसतो.

हाड झिजतं त्यालाही काही क्रम आहे. कानातल्या हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांपैकी ऐरणीचा लांब दांडा सहसा आधी जातो, कारण त्याचा रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा. आतल्या कानाच्या आडव्या अर्धवर्तुळाकार नळीला भोक पडलं की चक्कर सुरू होते. चेहऱ्याची नस उघडी पडली की तोंड वाकडं होतं. मध्यकर्णाचं छप्पर म्हणजे मेंदूखालचं एक पातळ हाड. ते गेलं की मेंदूज्वर, मेंदूत पू. हे सगळं चालू असताना कान बऱ्याचदा दुखत नाही, हीच खरी अडचण. स्राव थोडाच असतो, पण त्याला इतका वास असतो की वर्गात शेजारी बसणारं पोर जागा बदलून घेतं. घरचे मात्र ‘दुखत तर नाही ना’ म्हणून दवाखाना पुढे ढकलतात आणि लसूण घालून तापवलेलं तेल कानात सोडतात. ताप, डोकेदुखी, चक्कर यांतलं काही दिसू लागलं की समजावं, पिशवी बरीच पुढे गेली आहे.

आता कागदाकडे येतो, कारण या पुस्तिकेचा विषय आजारापेक्षा त्याची नोंद हा आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या वाटतात, पण या आजारात त्या फार जवळ आहेत. इथे नोंद चुकली की उपचार चुकतो. ताबडतोब चुकतो असं नाही. तीन-चार वर्षांनी, दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरच्या हातून चुकतो.

असं का, ते कळंबच्या नकाशावरून कळतं. इथल्या माणसाला मोठा दवाखाना चारी बाजूंना आहे आणि हाताशी एकही नाही. मांजरा ओलांडली की बीड जिल्हा लागतो. त्या बाजूला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. दुसऱ्या बाजूला लातूर आणि तिथली विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. जिल्ह्याचं ठिकाण धाराशिव. तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अलीकडेच सुरू झालं. येरमाळ्यावरून उतरलं की बार्शी, आणि बार्शीपुढे सोलापूर. कुठे जायचं हे पाहुणे कुठे राहतात, एसटी कोणती मिळते, शेजारच्या कुणाचं ऑपरेशन कुठे झालं यावर ठरतं. त्यामुळे एकाच कानाचं पहिलं ऑपरेशन अंबाजोगाईला, मधली साफसफाई बार्शीच्या खासगी दवाखान्यात आणि दुसरं ऑपरेशन लातूरला, असा प्रवास इथे नवलाचा नाही. या तिन्ही ठिकाणच्या नोंदवह्या एकमेकींना ओळखत नाहीत. त्यांना जोडणारा दुवा म्हणजे रुग्णाच्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात केसपेपर, एक्स-रे, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि डिस्चार्ज कार्ड दुमडून ठेवलेलं असतं.

असं एखादं कार्ड उघडून पाहा. निदान: सीएसओएम. शस्त्रक्रिया: मास्टॉइड, भूल देऊन. उपचार: अँटिबायोटिक. सल्ला: कान कोरडा ठेवणे, ओपीडीत दाखवणे. खाली सही आणि शिक्का. यात खोटं काहीच नाही. तरी पुढच्या डॉक्टरला हवं असलेलंही यात काहीच नाही. कोणता कान, हे कार्ड सांगत नाही. कानामागचा व्रण पाहून ते ओळखायचं. कोलेस्टिएटोमा होता का, होता तर कुठवर गेला होता, कानाच्या नळीची मागची भिंत ठेवली की काढली, तिन्ही हाडं जागेवर आहेत का, चेहऱ्याची नस उघडी सापडली का, काही भाग मुद्दाम मागे ठेवावा लागला का? यांपैकी एकाचंही उत्तर नसताना दुसरा सर्जन तोच कान पुन्हा उघडतो. आधीच हाडाचं आवरण गेलेली नस कुठे पडली आहे याची त्याला कल्पना नसते. ती माहिती पहिल्या सर्जनच्या डोक्यात होती आणि तिथेच राहिली.

कोडिंगची, म्हणजे प्रत्येक निदानाला ठरलेला क्रमांक देण्याची, गोष्ट इथूनच सुरू होते, आणि तिच्याविषयी आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे. कोड म्हणजे ऑफिसचं काम, बिलाचं काम, डॉक्टरनं फाइल बंद केल्यावर कारकुनानं करायचं काम, असं मानतात. माझ्या मते कोड ही नोंदीची परीक्षा आहे. कोड नुसत्या फाइलवर बसवता आला नाही, तर फाइल अपुरी आहे असं बेलाशक समजावं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या वर्गीकरणात मध्यकर्णातल्या कोलेस्टिएटोमाला एच ७१ हा एकच कोड आहे. त्याच्या शेजारी बऱ्याच सख्ख्या-चुलत नोंदी आहेत, आणि घोटाळा त्यांच्यातच होतो. पडद्याच्या मधल्या भागातलं भोक आणि वाहणारा कान, म्हणजे जुन्या भाषेत ‘सुरक्षित’ कान, हा एच ६६.१. वरच्या कोपऱ्यातला, हाडाशी लगट करणारा ‘असुरक्षित’ कान एच ६६.२. बाहेरच्या कानाच्या नळीतला कोलेस्टिएटोमा एच ६०.४. मास्टॉइडचं, म्हणजे कानामागच्या हाडाचं, ऑपरेशन होऊन गेलेल्या पोकळीत तो पुन्हा आला, तर एच ९५.०, तो एच ७१मध्ये घालायचा नाही, असं वर्गीकरण स्वतःच बजावतं. केसपेपरवर नुसतं ‘सीएसओएम’ असेल तर यांतला कोणता निवडायचा? कोड करणाऱ्याला एच ६६च्या एखाद्या अनिर्दिष्ट खान्यात टाकण्यावाचून गत्यंतर नसतं. आणि महाराष्ट्रात वर्षभरात किती कानांत हाड खाणारी पिशवी सापडली हे कुणी कधी मोजायला बसलंच, तर तो कान त्या मोजणीत येत नाही.

याहून फसवा प्रकार ‘मांस वाढलंय’ या दोन शब्दांत आहे. कान साफ करून पाहिला की बऱ्याचदा नळीत लालसर, ओलसर मांसल वाढ दिसते. प्राथमिक केंद्रात ‘पॉलिप’ लिहिलं जातं, आणि मध्यकर्णातल्या पॉलिपला एच ७४.४ हा स्वतंत्र कोड आहेही. पण ही वाढ कित्येकदा नुसता आडोसा असते आणि तिच्याआड कोलेस्टिएटोमा बसलेला असतो. म्हणून पॉलिप दिसला की ‘पॉलिप दिसतो, मागचा भाग दिसत नाही’ असं पूर्ण वाक्य लिहावं. दुसरा अर्धा भाग लिहिला की पुढचा डॉक्टर सावध होतो. न लिहिला तर तो पॉलिपवरच थांबतो. ओपीडीत चिमट्यानं ओढून काढायचा मोह आवरावा हेही इथेच सांगतो, कारण त्याचं मूळ रिकिबीवर किंवा चेहऱ्याच्या नसेवर असू शकतं. आणि वाढ लालभडक असेल, नाडीबरोबर ठोके देत असेल, तर तिला हातच लावू नये: तो ग्लोमस ट्यूमर असू शकतो, तुकडा घ्यायला गेलं तर रक्त थांबता थांबत नाही. त्याचा कोड वेगळ्याच प्रकरणात, गाठींच्या प्रकरणात आहे. मध्यकर्णाच्या साध्या गाठी डी १४.०, कर्करोग सी ३०.१. कार्डावर कुणी घाईनं ‘कानातली गाठ’ लिहिलं, की कोलेस्टिएटोमाही गाठींच्या प्रकरणात जाऊन बसतो आणि रुग्णाच्या कागदावर नसलेला ट्यूमर येतो. पुढे विम्याचा अर्ज भरताना तो किती छळतो, हे ज्यांनी भोगलंय त्यांना विचारा.

अमेरिकेनं १ ऑक्टोबर २०१५पासून आयसीडी-१०ची स्वतःची विस्तारित आवृत्ती वापरायला सुरुवात केली. तिच्यात एच ७१ला फाटे फुटतात: अ‍ॅटिकमधला, म्हणजे वरच्या कोपऱ्यातला, एच ७१.०, मध्यकर्णाच्या पोकळीतला एच ७१.१, मास्टॉइडमधला एच ७१.२, सगळीकडे पसरलेला एच ७१.३, काहीच न सांगितलेला एच ७१.९. त्यापुढचा शेवटचा आकडा बाजू सांगतो: १ उजवा, २ डावा, ३ दोन्ही, ० माहीत नाही. म्हणजे डाव्या कानाच्या मास्टॉइडमधल्या कोलेस्टिएटोमाचा कोड एच ७१.२२. शस्त्रक्रियेसाठी तिथे आणखी एक पाच अंकी कोड लागतो, आणि तो मागची भिंत ठेवली की काढली, हाडांची साखळी पुन्हा जोडली की नाही यावरून बदलतो. सर्जनच्या नोंदीत हे नसेल तर कोड करणारा फाइल परत पाठवतो आणि रीतसर विचारतो. उत्तर येईपर्यंत बिल अडतं, त्यामुळे उत्तर येतंच.

हे मी अमेरिकेचं कौतुक करायला सांगत नाही. तिथली कोडिंगची शिस्त विमा कंपन्यांच्या धाकातून आली आहे, आणि तिच्यापायी डॉक्टर रुग्णाकडे पाहायचं सोडून स्क्रीनकडे पाहत बसतात ही तक्रार तिथलेच डॉक्टर करतात. सांगायचंय ते वेगळंच. हे कोडिंगचं काम मोठ्या प्रमाणात भारतात होतं: चेन्नईत, हैदराबादेत, पुण्यात. आपल्या भागातली बीएस्सी, बीफार्म झालेली मुलंमुली पुण्यात क्लास लावून ही नोकरी धरतात. ओहायोतल्या कुणा अनोळखी माणसाच्या कानाची नोंद वाचताना बाजू लिहिलेली नसेल, तर त्यांना फाइल पुढे सरकवता येत नाही. त्यांच्यातल्याच एखाद्या मुलाच्या चुलत्याचं डिस्चार्ज कार्ड गावाकडे फळीवर पडलेलं असतं आणि त्यावर कानाची बाजू नसते. डोळ्यांत तेल घालून नोंद वाचणारी माणसं आपल्याकडे आहेत. वाचण्याजोगी नोंद मात्र आपण त्यांना आपल्या दवाखान्यांतून देत नाही.

कोड करणाऱ्याचा पहिला नियम इथे ठळक सांगायला हवा, कारण नव्यानं हे काम शिकणारे तो मोडायला उत्सुक असतात. लिहिलेलं नाही ते झालेलं नाही. सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘स्क्यूटम झिजलेला, अ‍ॅटिकमध्ये मऊ ऊती’ असं दिसलं, तरी कोड करणाऱ्यानं स्वतःहून एच ७१ लावायचा नाही. ते निदान डॉक्टरनं करायचं आणि लिहायचं. कोड करणाऱ्यानं विचारायचं, तेही सरळ: ‘या रुग्णाचं अंतिम निदान काय?’ ‘हा कोलेस्टिएटोमाच ना?’ असं विचारलं, तर तो प्रश्न राहत नाही, उत्तर तोंडात घालणं होतं. आपल्या रुग्णालयांत असा प्रश्न विचारायची पद्धतच फारशी नाही. रेकॉर्ड विभागातल्या माणसानं प्राध्यापक डॉक्टरांना चिठ्ठी पाठवून विचारायचं, ही कल्पनाच अनेकांना उद्धटपणाची वाटते. ही पुस्तिका वाचून एका जरी विभागप्रमुखानं अशी चिठ्ठी कपाळाला आठी न घालता घेतली, तरी ती छापल्याचं सार्थक झालं असं मी म्हणेन.

ऑपरेशनच्या नोंदीविषयी पुस्तिकेत सविस्तर प्रकरण आहे. त्यातल्या दोनच गोष्टी इथे उचलतो.

एक, ऑपरेशनपूर्वीची ऐकण्याची तपासणी. कोलेस्टिएटोमानं ऐरण खाल्ली तरी कधीकधी पिशवी स्वतःच पडदा आणि रिकीब यांच्यामध्ये टेकून बसते आणि आवाज पुढे पोचवते. असा माणूस बऱ्यापैकी ऐकतो. सर्जन पिशवी काढतो, आणि आवाजाची ती वाटही तिच्याबरोबर जाते. ऑपरेशन उत्तम होतं, पण माणूस म्हणतो, डॉक्टरांनी माझा कान घालवला. ऑपरेशनआधीची ऑडिओमेट्री फाइलमध्ये असेल, ‘ऐकू येणं कमी होऊ शकतं’ हे मराठीत समजावून सही घेतलेली असेल आणि ऑपरेशनमध्ये सापडलेली हाडांची अवस्था लिहिलेली असेल, तर या आरोपाला उत्तर आहे. यांतलं काहीच नसेल तर डॉक्टर कितीही प्रामाणिक असला तरी कागद त्याच्या बाजूनं बोलत नाही. जाता जाता हेही सांगतो की एकच कान गेलेल्या माणसाला अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळेल या आशेवर कुणी ठेवू नये: २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात कर्णबधिर किंवा ऐकू कमी येणारा ठरायला दोन्ही कानांचा तोटा लागतो, आणि तोही किमान ६० डेसिबलचा.

दुसरी गोष्ट मागच्या भिंतीची. भिंत काढून केलेल्या ऑपरेशनात कानामागचं पोकळ हाड आणि कानाची नळी एक होऊन मोठी पोकळी तयार होते. आजार परत आला तर तो डोळ्यांना दिसतो, हा तिचा फायदा. ती पोकळी जन्मभर अधूनमधून डॉक्टरकडून साफ करून घ्यावी लागते, तिच्यात पाणी गेलं की वाहते, आणि गार पाणी गेलं तर भोवळ येते, हा तोटा. भिंत ठेवून केलेल्या ऑपरेशनात कान कानासारखा राहतो, पण आजार भिंतीमागे लपून वाढू शकतो. म्हणून साधारण वर्षभरानं पुन्हा उघडून पाहावं लागतं किंवा विशिष्ट पद्धतीचा एमआरआय काढावा लागतो. आता ऊसतोडीला जाणारं घर डोळ्यांसमोर आणा. बीड-धाराशिवच्या पट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास निघालेला कोयता पाडव्याच्या आसपास परततो. सहा महिने फडावर, मुक्काम कोपीत, आंघोळीचं पाणी मिळेल तिथलं. त्याला ‘वर्षानं या’ म्हणून सांगितलं तर तो कधी येईल, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणूनच आपल्याकडचे बरेच सर्जन अशा रुग्णात भिंत काढतात, आणि माझ्या मते बरोबर करतात. पण का काढली हे लिहीत नाहीत. ‘रुग्ण स्थलांतरित मजूर, नियमित तपासणी अशक्य, म्हणून भिंत काढली’ एवढी ओळ असली तर पाच वर्षांनी ती पोकळी पाहून नाक मुरडणारा पुण्याचा किंवा मुंबईचा डॉक्टर गप्प बसेल.

हा आजार परततो. परततो म्हणजे काय, हेही नोंदीत वेगळं करावं लागतं. पहिल्या वेळी राहून गेलेला कण वाढणं निराळं, आणि नाकामागची हवेची नळी अजून बिघडलेलीच असल्यानं नवा खिसा तयार होणं निराळं. पहिल्याचा ठपका ऑपरेशनवर येतो, दुसऱ्याचा सहसा येत नाही. कुठून कुठवर पसरला हे सांगायला युरोप आणि जपानच्या कर्णतज्ज्ञांनी २०१७मध्ये एक सोपी पद्धत ठरवली: मध्यकर्ण, अ‍ॅटिक, मास्टॉइड आणि हात न पोचणाऱ्या अवघड जागा अशी चार अक्षरं, ज्या जागी आजार असेल ते अक्षर लिहायचं. एका ओळीत बसते. ती ओळ डिस्चार्ज कार्डावर यावी असा आग्रह पुस्तिकेत आहे. तो मला पूर्ण मान्य आहे.

आता सरकारी आरोग्य योजनेविषयी थोडं. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ला आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत शेजारचं सोलापूर होतं, आपला जिल्हा नव्हता. तो नोव्हेंबर २०१३मध्ये, उरलेल्या महाराष्ट्राबरोबर आला. २०१७मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, आणि २३ सप्टेंबर २०१८ला केंद्राची आयुष्मान भारत योजना तिच्या जोडीला आली. कानाची शस्त्रक्रिया ज्यांना विकत घेणं कधीच परवडलं नसतं, त्यांना या योजनांनी ऑपरेशन टेबलापर्यंत नेलं, हे आधी मान्य करू. पण योजनेतर्फे रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावर जो कोड पडतो तो पॅकेजचा असतो, आजाराचा नव्हे. आयुष्मानच्या यादीत कान-नाक-घशाच्या पॅकेजांची सुरुवात ‘एसएल’ या अक्षरांनी होते. त्यावरून काय केलं हे कळतं, काय झालं होतं हे कळत नाही. पॅकेज मंजूर झालं की फाइल पूर्ण झाली असं वॉर्डात मानलं जातं. मंजुरीसाठी जोडलेले तपासण्यांचे कागद रुग्णालयाकडे आणि संगणकात राहतात, पिशवीतलं कार्ड होतं तसंच राहतं. आता आभा या १४ अंकी आरोग्य क्रमांकावर सगळ्या नोंदी जोडायचं चाललं आहे, आणि ते चांगलंच आहे. तरी कोरी नोंद जोडली तर जोडूनही कोरीच राहील.

पहिली नोंद कुठे व्हावी? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जातात, आणि त्यांच्या तपासायच्या यादीत वाहता कान आहे. इटकूर, शिराढोण, येरमाळा इथल्या शाळांत पोराच्या कानात बॅटरी मारून पाहणारा पथकाचा डॉक्टर हाच या आजाराचा पहिला लेखक. त्यानं कोलेस्टिएटोमा ओळखावा अशी अपेक्षा नाही. वास येतो का, किती दिवसांपासून, कोणता कान, वरच्या कोपऱ्यात खपली किंवा पांढरं काही दिसतं का, एवढ्या चार गोष्टी त्यानं रेफरच्या चिठ्ठीवर लिहिल्या तरी पुढचं काम निम्मं होतं. वरच्या कोपऱ्यातली खपली म्हणजे मळ नव्हे, उलट सिद्ध होत नाही तोवर ती कोलेस्टिएटोमाचीच समजायची, हा कानाच्या डॉक्टरांचा जुना दंडक आहे.

ज्या वर्गीकरणाच्या आधारे आपण हे सगळं कोडात बसवतो त्याची मुळं मरणाच्या नोंदीत आहेत. पॅरिसच्या जॅक बर्टिलाँनं १८९३मध्ये मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. तीच वाढत, सुधारत १९९०मध्ये दहावी आवृत्ती झाली, आणि २०१९मध्ये मान्यता मिळालेली अकरावी १ जानेवारी २०२२पासून लागू झाली. अकरावीत मध्यकर्णाचा कोलेस्टिएटोमा एबी १२ आहे; आपल्या फाइलींवर मात्र अजून दहावीचंच राज्य आहे. मरणाच्या नोंदीचा विषय मुद्दाम काढला. कानातला पू मेंदूत जाऊन मुलगा दगावला, तर रुग्णालयाच्या मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रावर, म्हणजे नमुना ४वर, पहिल्या ओळीत तात्कालिक कारण येतं: मेंदूतला गळू, जी ०६.०. त्याखालची ओळ ‘कशामुळे’ यासाठी आहे. गणतीत धरलं जातं ते सगळ्यांत खालच्या ओळीतलं मूळ कारण. तिथे ‘डाव्या कानाचा कोलेस्टिएटोमा’ लिहिलं तर ते मरण कानाच्या खात्यावर जातं. ती ओळ कोरी राहिली तर ते मेंदूच्या खात्यावर जातं, आणि कानाच्या आजारानं कुणी मरत नाही असं सांगणारा आकडा आणखी थोडा पक्का होतो. २००७मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बधिरता नियंत्रण कार्यक्रमाला निधी मागताना हाच आकडा पुढे ठेवावा लागतो.

पुस्तिकेच्या शेवटी पडद्याच्या कोऱ्या आकृत्या दिल्या आहेत, उजव्या आणि डाव्या कानाच्या वेगवेगळ्या. त्यांची झेरॉक्स काढून केसपेपरला टाचा. चित्र काढता येत नाही म्हणून कुणी संकोच करू नये. भोक कुठे, खपली कुठे, पॉलिप कुठे, एवढं पेनानं दाखवायचं. दोन्ही आकृत्यांत हातोडीचा दांडा आणि प्रकाशाचा त्रिकोण आधीच छापला आहे. उजव्या कानात तो त्रिकोण घड्याळातल्या पाचाच्या बाजूला असतो, डाव्यात साताच्या. त्यामुळे आकृतीवर काही लिहायचं राहून गेलं तरी ती कोणत्या कानाची हे दिसेल. मात्र दोन्हींवर ‘डावा’, ‘उजवा’ असं अक्षरांत लिहायचंच आहे.